लायसन बारामतीचं, रस्ता हैदराबादचा : शस्त्र परवान्याची हद्द कुठे संपते?

इंदापूरजवळचा सरडेवाडी टोलनाका ओलांडून राष्ट्रीय महामार्ग 65 ला लागलेली गाडी सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करत कर्नाटकात शिरते, बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादवरून पुढे जाते आणि जहिराबादला पोचली की तेलंगणा लागतं. लग्नाला, दवाखान्याला, पाहुण्यांकडे म्हणून बारामती-इंदापूरची कितीतरी मुस्लिम कुटुंबं याच रस्त्याने हैदराबादला जातात. एका दिवसात तीन राज्यं होतात. ड्रायव्हिंग लायसन पुण्याचं असलं तरी तिन्हीकडे चालतं, गाडीची कागदपत्रं चालतात, विमा चालतो. बंदुकीच्या लायसनचं मात्र तसं नाही. "सरकारनेच दिलंय, मग चालणार नाही कसं?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की या विषयावर सविस्तर लिहायला हवं असं वाटलं.

आपल्या समाजात परवानाधारक थोडे. काही बागायतदार, काही ठेकेदार, पेट्रोल पंप किंवा सराफीच्या धंद्यातले, आणि काही राजकारणात असलेले. पण गेल्या दोन-तीन वर्षांत परवान्याची चौकशी करणारे वाढलेत, तरुण तर जास्तच. त्यामागची कारणं उघड आहेत. मार्च 2024 मध्ये इंदापुरात महामार्गालगतच्या हॉटेलात जेवायला बसलेल्या एकावर गोळ्या झाडून त्याचा खून झाला. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला वांद्र्यात बाबा सिद्दीकींना गोळ्या घातल्या गेल्या. तीन वेळा आमदार, माजी राज्यमंत्री राहिलेला माणूस भर रस्त्यात मारला जातो, हे पाहून घरातल्या बायकांनासुद्धा धाकधूक वाटली. जनावरांच्या गाड्या अडवणं, ड्रायव्हरला मारहाण करणं हे तर वेगळं सांगायला नको. अशा वेळी "एक लायसन काढून ठेवू, प्रवासात कामाला येईल" हा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पण नेमकं प्रवासातच ते लायसन घात करू शकतं.

हक्क नव्हे, परवानगी

मुळात एक गोष्ट स्वच्छ समजून घ्यावी. आपल्या देशात शस्त्र बाळगणं हा हक्क नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवता येत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात बेकायदा शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत अधिकार आपल्या घटनेत नाही हे सांगितलं होतं. म्हणजे आपल्याला मिळते ती परवानगी. परवानगी म्हटली की अटी आल्या, आणि हद्द ही त्यातली पहिली अट.

आपल्याकडे बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतात. अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी म्हणून. पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरात हाच अधिकार पोलीस आयुक्तांचा. पोलीस ठाण्याचा अहवाल वर जातो, गुन्ह्यांची नोंद तपासली जाते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. पूर्वी परवाना तीन वर्षांचा असायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. प्रत्येक परवान्याला आता देशपातळीवरच्या नोंदणीतला यूआयएन क्रमांक असावा लागतो. ज्याच्या जुन्या पुस्तिकेवर तो क्रमांकच नाही, त्याने बाकी काही वाचण्याआधी ते काम मार्गी लावावं.

आता पुस्तिका उघडा. नाव, पत्ता, शस्त्राचा प्रकार, नंबर, काडतुसांची मर्यादा आणि त्याबरोबर परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे त्याची नोंद. काहींच्या परवान्यावर फक्त पुणे जिल्हा, बऱ्याच जणांच्या परवान्यावर महाराष्ट्र राज्य, आणि मोजक्यांच्या परवान्यावर संपूर्ण भारत. जे लिहिलं आहे तेवढीच तुमची हद्द.

जिल्ह्यापुरता परवाना असलेल्याची अवस्था आपल्या भागात फार चमत्कारिक होते. बारामती तालुक्यातून नीरा नदीचा पूल ओलांडला की फलटण, म्हणजे सातारा जिल्हा. इंदापूर तालुक्याच्या दक्षिणेला नीरेपलीकडे माळशिरस, पूर्वेला भीमेपलीकडे टेंभुर्णी, म्हणजे दोन्हीकडे सोलापूर जिल्हा. सकाळी शेतावर जाऊन दुपारी फलटणच्या बाजारात आणि संध्याकाळी अकलूजला सोयऱ्यांकडे, हा आपल्याकडचा रोजचा फेरा. कमरेला पिस्तूल लावून हा फेरा मारणाऱ्या जिल्हा-परवानाधारकाने दिवसात दोनदा अट मोडलेली असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुकीचं तर आणखी कडक. ती रानडुकरापासून पीक राखायला दिलेली आहे, सोयरिकीला घेऊन जायला नाही.

राज्याबाहेरची हद्द वाढवून घेता येते का? येते, पण आपोआप नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, सबळ कारण आणि पुन्हा पोलीस अहवाल लागतो. केंद्रीय गृहमंत्रालयाने मार्च 2010 मध्ये जे धोरण ठरवलं त्यात संपूर्ण भारताची मुभा अपवादानेच द्यायची अशी भूमिका होती. खासदार-मंत्री, लष्करातले लोक, देशात कुठेही बदली होऊ शकते असे केंद्राचे अधिकारी, नेमबाजीचे खेळाडू अशांचा विचार त्यात प्रामुख्याने आहे. "मी धंद्यासाठी महिन्यातून एकदा हैदराबादला जातो" हे कारण अर्जात लिहिता येतं, पण त्यासोबत जीएसटीची कागदं, त्या गावच्या व्यवहाराचा पुरावा, धमकी आली असेल तर तक्रारीची प्रत जोडलेली असावी. नुसत्या शब्दावर कुणी हद्द वाढवून देत नाही.

नाक्यावर नेमकं काय होतं

कलम 19 प्रमाणे कुठलाही पोलीस अधिकारी शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो. दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त करता येतं. नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितल्याचा संशय आला, तर वॉरंटशिवाय अटकही होते. म्हणून मूळ पुस्तिका सोबत हवी, मोबाईलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नये.

समजा पुस्तिका आहे, पण त्यावर महाराष्ट्र लिहिलंय आणि गाडी थांबलीय हुमनाबादला. इथे कायद्याचा खरा पेच सुरू होतो. परवान्याच्या अटीचा भंग केला तर कलम 30 आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण पोलिसांनी असं मानलं की या राज्यात तुमच्याकडे परवानाच नाही, तर कलम 3 आणि 25 लागतं, आणि तिथे 2019 नंतर किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. गोष्ट तीच, पिस्तूल तेच, माणूस तोच. एफआयआरमध्ये कुठलं कलम पडलं यावर सहा महिने की पाच वर्षं हे ठरतं. बचावाचा वकील कलम 30 चाच आग्रह धरेल आणि आमच्या मते तो बरोबरही असेल. खटला चालवायला कलम 39 खाली जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, तिथेही म्हणणं मांडता येतं. पण हे सगळं नंतरचं. आधीची रात्र परक्या गावच्या ठाण्यात, बायकापोरं गाडीत, आणि भाषा कानडी किंवा तेलुगू. खटला तिकडच्या कोर्टात, तारखा तिकडे. बारामतीच्या माणसाने बिदरला किती हेलपाटे मारायचे?

इथे एक कटू गोष्ट बोलून टाकतो. एकाच चुकीकडे दोन नावांच्या बाबतीत एकाच नजरेने पाहिलं जाईल याची खात्री आज कुणी देऊ शकत नाही. "परवाना होता, हद्द चुकली" ही दोन ओळींची बातमी होऊ शकते, किंवा "परराज्यात पिस्तुलासह पकडला" असा टीव्हीवर दिवसभराचा गजर होऊ शकतो. न्यायालयात शेवटी कागद बोलतो, पण तोपर्यंत मुलाची नोकरी, मुलीची सोयरीक, धंद्यातली पत यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून इतरांनी एकदा तपासलं तर आपण दोनदा तपासावं असं आम्ही म्हणतो. हे अन्यायाचं आहे, पण खरं आहे.

आणखी एक गैरसमज गाडीच्या डॅशबोर्डचा. पिस्तूल मालकाच्या नावावर, मालक उतरून नमाजला गेला, गाडीत ड्रायव्हर आणि धाकटा भाऊ. परवाना माणसाला असतो, गाडीला किंवा घराला नसतो. परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी वा त्याच्याच वापरासाठी शस्त्र नेण्याची सवलत कायद्यात आहे, पण ती तेवढ्यापुरतीच. "भाईजानचं आहे" हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

झाकून, आणि मिरवल्याशिवाय

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडून "कन्सील्ड कॅरी" हा शब्द हल्ली कानावर येतो. म्हणजे कपड्याखाली झाकून पिस्तूल बाळगण्याचा परवाना. तिथेही राज्याराज्यांचा हाच घोळ आहे. टेक्सास दुसऱ्या अनेक राज्यांचे परवाने मान्य करतं, इलिनॉय बाहेरच्या राज्याचा परवाना सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यासाठी मान्य करत नाही. ह्यूस्टनहून शिकागोला मोटारीने निघालेल्या माणसाला वाटेतल्या प्रत्येक राज्याचा कायदा बघावा लागतो. 1986 च्या केंद्रीय कायद्याने एवढीच सोय आहे की निघालो तिथे आणि पोचणार तिथे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून बंदूक रिकामी आणि हाताला लागणार नाही अशी ठेवून नेता येते. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक डिसेंबर 2017 मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं, पण सिनेटमध्ये अडकलं. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगणं हा हक्क मानला, तरी राज्यांच्या सीमेचा प्रश्न संपला नाही. इतका बंदूकवेडा देशसुद्धा या बाबतीत एकमतावर आलेला नाही.

आपल्याकडे मात्र "झाकून" हा वेगळा परवाना नाही, ती सरळ अट आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असावं लागतं. ते बाहेर काढून दाखवणं हाच गुन्हा. मुळशीत शेतजमिनीच्या वादात पिस्तूल दाखवणाऱ्या मनोरमा खेडकर यांचा व्हिडिओ जुलै 2024 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. परवाना असूनही अटक झाली आणि पुढे परवानाही गेला. हैदराबादच्या लग्नात वरातीपुढे गोळीबार करायची हौस असणाऱ्यांसाठी तर 2019 च्या दुरुस्तीत खास तरतूद आहे : जिवाला धोका होईल असा हर्षोल्हासातला गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकाहाचा खजूर वाटायचा तिथे काडतुसाची पुंगळी कशाला?

रेल्वे आणि विमानाचं थोडक्यात. रेल्वेत भरलेली बंदूक नेता येत नाही. विमानात शस्त्र केबिनमध्ये कधीच नाही. आधी जाहीर करून, रिकामं करून, चेक-इन सामानात, कंपनीच्या परवानगीने. पण आम्हाला खरी काळजी वाटते ती सुट्या काडतुसांची. जुन्या बॅगेच्या कप्प्यात एखादं काडतूस राहून जातं, ती बॅग घेऊन अब्बा-अम्मी उमराहला निघतात आणि मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये ते दिसतं. काडतूसही कायद्याने बंदुकीइतकंच परवान्याखाली येतं. आपल्या न्यायालयांनी "जाणीवपूर्वक ताबा" हवा असं म्हटलंय. 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते तत्त्व सांगितलं आणि त्याचा आधार घेत विमानतळावरचे असे बरेच गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केलेत. पण ते रद्द होईपर्यंत विमान गेलेलं असतं, व्हिसाची मुदत गेलेली असते. आणि ते काडतूस इथे सुटून परदेशात सापडलं तर आपल्या परवान्याला तिथे कवडीची किंमत नाही. घरात परवाना असेल तर उमराह-हजची बॅग नवीन घ्यावी किंवा जुनी उलटी करून झटकावी.

परराज्याचं लायसन घेऊन आलेली पोरं

हद्दीचा प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. बारामती एमआयडीसी, साखर कारखाने, पतसंस्था, एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाड्या, या सगळ्यांना बंदूकधारी रक्षक लागतात. त्यात उत्तरेकडून, जम्मू-काश्मीरकडून आलेली मुलं बरीच. त्यांच्याकडे बारा बोरची बंदूक आणि तिकडचा परवाना असतो, आणि तो पाहूनच नोकरी दिली जाते.

या परवान्यांचा इतिहास काळा आहे. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात दिलेल्या 2 लाख 78 हजारांहून जास्त परवान्यांची चौकशी सीबीआयकडे आहे. पैसे घेऊन, तिथे न राहणाऱ्यांनाही परवाने दिल्याचा आरोप आहे आणि त्यात बड्या अधिकाऱ्यांची नावं आली. नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पोलिसांनी लष्कराच्या गुप्तचर विभागाकडून मिळालेल्या माहितीवरून राजौरी भागातल्या नऊ जणांना बंदुका आणि काडतुसांसह पकडलं. ही पोरं सुरक्षारक्षकाचं काम करत होती. परवाने बनावट असल्याचा आरोप ठेवला गेला.

यात त्या मुलांचा किती दोष आणि त्यांना परवाना विकणाऱ्या दलालाचा किती, ते न्यायालय ठरवेल. पण गावाकडे पैसे पाठवणारा, महिना दहा-बारा हजारावर राबणारा पोरगा पकडला जातो आणि दलाल मोकळा राहतो, हे नेहमीचं चित्र आहे. आपल्या मोहल्ल्यात अशी मुलं भाड्याने राहतात, जुम्म्याला शेजारी बसतात. त्यांना कुणीतरी आपुलकीने विचारायला हवं : बाबा, तुझ्या परवान्यावर महाराष्ट्र आहे का? यूआयएन आहे का? परवाना स्वसंरक्षणासाठी दिलेला असताना तो नोकरीत वापरतोयस, हे तुझ्या कंपनीने पोलिसांना कळवलंय का? राहण्याचा पत्ता बदलला तर जुन्या आणि नव्या, दोन्हीकडच्या परवाना अधिकाऱ्यांना सांगावं लागतं, ते केलंस का? आणि आपल्यातला जो माणूस दुकानावर, गोदामावर असा रक्षक ठेवतो त्याने तर बंदूक बघून खूश होण्याआधी परवान्याची प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात पडताळून घ्यावी. नाहीतर उद्या मालकालाही उत्तर द्यावं लागेल.

कुर्बानीची सुरी

बंदुकीशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा आपल्या लोकांनाही शस्त्र कायदा भेटतो, तो बकरी ईदच्या आसपास. बारामती-इंदापूरचे खाटिक आणि कुरेशी बांधव कुर्बानीच्या कामासाठी पुण्या-मुंबईला जातात, कधी कर्नाटकातही. सोबत सुऱ्या, सत्तूर. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू कायद्यातून वगळलेल्या आहेत, आणि खाटकाची सुरी हे त्याच्या पोटापाण्याचं अवजार आहे यात शंका नाही. पण सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि त्यात काठीपासून सुरीपर्यंत सगळं येतं. रात्री दोनला एसटी स्टँडवर पिशवीत पाच सुऱ्या सापडल्या की पोलीस आधी जप्त करतात, मग ऐकतात.

यावर उपाय साधा आहे. अवजारं कापडात गुंडाळून, बांधून, डिकीत ठेवा. सोबत दुकानाचा परवाना किंवा नगरपरिषदेचा कागद, आणि ज्यांनी बोलावलंय त्या सोसायटीचं किंवा जमातीचं दोन ओळींचं पत्र असू द्या. सुऱ्या तिकडेच मिळत असतील तर त्याहून बरं. रील काढायला सुरी नाचवणाऱ्या पोरांना मात्र घरच्यांनीच आवरावं. त्यांच्यामुळे इमानदारीने धंदा करणाऱ्यांच्या पिशव्या उघडल्या जातात.

जनावरांच्या गाडीत पिस्तूल?

सगळ्यात अवघड प्रश्न जनावरांच्या व्यापाऱ्यांचा. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर आणि विशेषतः गेल्या काही वर्षांत रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्या टोळक्यांनी जो उच्छाद मांडला, त्याला कंटाळून 2025 च्या पावसाळ्यात राज्यभरातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद ठेवली. त्याचा फटका हिंदू शेतकऱ्यालाही बसला, कारण भाकड जनावर विकायचं कुणाला? म्हशी घेऊन जाणारा, सगळे कागद पूर्ण असलेला माणूसही सुरक्षित नाही, अशी भावना झाली. त्यातूनच "लायसन काढून गाडीत ठेवू" ही कल्पना येते.

आम्ही या कल्पनेच्या स्पष्ट विरोधात आहोत. स्वतःच्या बचावाचा हक्क कायद्याने दिलाय, भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये तो आहे, आणि तो सगळ्यांना सारखाच आहे. पण रात्रीच्या अंधारात पन्नासाच्या घोळक्यापुढे एक पिस्तूल काय करणार? ते निघालं की घोळक्याला कारण मिळतं आणि व्हिडिओत फक्त तुमचा हात दिसतो. गाडी राज्याची सीमा ओलांडून गेलेली असेल तर हद्दीचा गुन्हा त्यावर वेगळा.

त्यापेक्षा जे हातात आहे ते वापरावं. 17 जुलै 2018 ला तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हिंसेबाबत राज्यांना आदेश दिले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी नाही अशा दर्जाचा नोडल अधिकारी, महामार्गावर गस्त, तातडीने एफआयआर, आणि हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पाच किंवा जास्त जणांनी समाज, जात, भाषा यांसारख्या कारणावरून केलेल्या खुनाला कलम 103(2) मध्ये वेगळी, जन्मठेप किंवा फाशीपर्यंतची शिक्षा आहे. पुणे ग्रामीणचा नोडल अधिकारी कोण, हे बारामतीच्या जमातीच्या किती पदाधिकाऱ्यांना ठाऊक आहे? भिगवण, इंदापूर, वालचंदनगर, वडगाव निंबाळकर या ठाण्यांच्या हद्दीतून गाडी जाण्याआधी तिची माहिती लेखी देऊन पोच घेण्याची पद्धत पाडली, तर ती पोच पिस्तुलापेक्षा जास्त कामाची. त्यात ड्रायव्हरचाही जीव वाचतो, आणि उद्या काही झालंच तर "आम्हाला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय पोलिसांना राहत नाही.

बाकी ज्यांच्याकडे परवाना आहेच, त्यांनी लांबच्या प्रवासात शस्त्र घरी ठेवावं. घरी कुणी नसेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. अजमेरला ख्वाजासाहेबांच्या उरुसाला, गुलबर्ग्याला बंदेनवाजांच्या जियारतीला पिस्तुलाचं काय काम? अजमेरला मोटारीने जायचं तर गुजरात किंवा मध्य प्रदेश आणि मग राजस्थान, म्हणजे पुन्हा तीन राज्यं. निवडणुकीच्या आचारसंहितेतही हाच धडा आहे. शस्त्र सरसकट सगळ्यांनी जमा करायचं नसतं, छाननी समिती ठरवते, पण नोटीस आली की वेळेत जमा करून पावती घ्यायची. न केलेल्यांची नावं नूतनीकरणाच्या वेळी पुढे येतात. बीडमध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर तिथल्या बाराशेहून जास्त परवान्यांची छाननी झाली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. तशी छाननी उद्या कुठल्याही जिल्ह्यात होऊ शकते. परवाना नाकारला किंवा रद्द केला तर कलम 18 खाली विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, मात्र त्याला मुदत असते, आदेशाची प्रत हातात पडली त्याच आठवड्यात वकील गाठावा.

आणि एक मागणी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. पुस्तिकेवर क्षेत्राची नोंद कधी शिक्क्यात, कधी हाताने, तीही वाचता न येणाऱ्या इंग्रजीत केलेली असते. नूतनीकरणाच्या वेळी "हा परवाना अमुक हद्दीबाहेर चालणार नाही" एवढं एक वाक्य ठळक मराठीत छापून द्यायला खर्च येत नाही. तोपर्यंत आज घरी गेल्यावर पुस्तिका कपाटातून काढा, चष्मा लावा, आणि क्षेत्राच्या रकान्यात काय लिहिलंय ते घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.